आत्मा मानत नाही, मग पेपरात काय लिहू?

प्रश्न : नमस्कार सर, मी परभणीत बीएड करतेय. तत्त्वज्ञानाच्या पेपरला प्लेटोचा आत्मा आहे, गांधीजींचं शरीर-मन-आत्मा आहे. आमच्या घरात बाबासाहेबांचा विचार, आत्मा कुणीच मानत नाही. मग हे नुसतं पाठ करून लिहायचं का?

उत्तर : पाठ करू नका ताई, भांडा त्याच्याशी.

आधी प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद वाचा. त्यात सॉक्रेटिस एका गुलाम पोराला चौरस काढून दाखवतो, बाजू 2, क्षेत्रफळ 4, आणि म्हणतो याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा, म्हणजे 8 चा चौरस कर. पोरगं म्हणतं बाजू 4 घ्या, होतात 16, मग म्हणतं 3, होतात 9, मग अडकतं, आणि प्रश्नामागून प्रश्न येत येत शेवटी पहिल्या चौरसाचा कर्ण हीच नवी बाजू, इथवर पोचतं. प्लेटो म्हणतो आत्म्याला हे आधीच माहीत होतं, फक्त आठवलं. हे पटो न पटो, पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या गुलामाला गणित जमेल असं धरून चालणं ही लई मोठी गोष्ट आहे. गांधीजींनी 1937 साली ‘हरिजन’मध्ये लिहिलं तेही याच वळणाचं, लेकरातलं उत्तम ते बाहेर काढायचं.

पण याच प्लेटोनं ‘रिपब्लिक’मध्ये माणसं सोन्याची, चांदीची, लोखंडाची अशी वाटून टाकली (लोखंडाच्या घरी सोनं जन्मू शकतं असंही म्हणतो, तेवढं लिहा). मला धोका इथं दिसतो. आत सगळं जन्मतःच ठरलंय म्हटलं की मागच्या बाकावरच्या लेकराला “याच्यात मुळातच नाही” म्हणायला वेळ लागत नाही, आणि आपल्याकडं हे कुणाच्या वाट्याला आलं ते तुम्हाला मी काय सांगावं.

आता तुमच्या घरचा विचार. बाबासाहेबांनी 1950 ला औरंगाबादला जे कॉलेज काढलं त्याचं नाव पुढं मिलिंद झालं, परिसर नागसेनवन. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, आस (चाकांमधला दांडा) म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, आणि राजा नाही नाही म्हणत जातो. तसाच माणसातही वेगळा काढून दाखवता येईल असा आत्मा सापडत नाही, सगळं जुळून आलेलं. म्हणजे घर, भूक, भाषा, मास्तरची वागणूक, यातलं काही बदललं की लेकरूही बदलतं! मला शिक्षक म्हणून हेच जास्त जवळचं वाटतं, आणि बघा, नागसेनही शिकवतो ते प्रश्न विचारूनच.

पेपरात प्लेटो आणि नागसेन दोघांना समोरासमोर ठेवा. बौद्ध शिक्षणावर प्रश्न आला तर तिथं नागसेन बिनधास्त लिहा, आणि तुमचं मत शेवटी दोन ओळीत, कारणासकट.