कळ टिपणे आणि कळ गिळणे

प्रश्न असा आहे: मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरच्या नोटबुकवर (त्यातल्या कामाच्या दस्तऐवजावर) मराठीत लिहिताना ‘कीबोर्ड इव्हेंट हँडल करणे’ याला ‘कळ-घटना हाताळणे’ म्हणावं का?

‘घटना’ नको. कुणी ‘क’ची कळ दाबली, याला मराठी माणूस घटना म्हणत नाही. ‘इव्हेंट’ खुशाल ठेवा. ‘कळ’ चांगला आहे, कळफलकामुळे रुळलाही आहे. खरी अडचण ‘हाताळणे’ची. ते चुकीचं नाही, पण वाचक जिथे हमखास अडतो तीच जागा ते झाकतं.

२००७ साली मॅथेमॅटिकाच्या सहाव्या आवृत्तीत ‘इव्हेंटहँडलर’ आला: इव्हेंट झाला की काय करायचं ते त्यात सांगायचं. अख्ख्या नोटबुकासाठी तेच काम ‘नोटबुकइव्हेंटॲक्शन्स’ ही इव्हेंट आणि कृतींची यादी करते. त्यात ‘कीडाउन’ला, म्हणजे कळ दाबल्याच्या इव्हेंटला, एखादी कृती जोडा आणि मग टाइप करून पाहा. कृती होते, पण अक्षर उमटत नाही! कळ वरच्या वर गिळली गेली. त्याच यादीत ‘पासइव्हेंट्सडाउन’ ट्रू केलं की कृतीही होते आणि कळ खाली सेलपर्यंतही (आपण टाइप करतो त्या चौकटीपर्यंतही) पोचते. कोणती कळ होती ते ‘करंटव्हॅल्यू’ला ‘इव्हेंटकी’ विचारून कळतं. एकाच कळेशी काम असेल तर ‘कीडाउन’सोबत तिचं नाव द्यावं, म्हणजे बाकीच्यांच्या वाटेला कुणी जात नाही.

ज्युपिटर हे दुसरं नोटबुक-सॉफ्टवेअर ब्राउझरात चालतं, तिथे नेमकं उलटं. नुसता लिसनर (इव्हेंटवर कान ठेवणारा कोड) लावला तर टायपिंगला धक्का लागत नाही. कळ गिळायची तर ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ हे ब्राउझरचं नेहमीचं काम थांबवणारं फंक्शन मुद्दाम बोलवावं लागतं. दोन्हीकडे इंग्रजीत ‘हँडल’च. मराठीत आपल्याला बरी क्रियापदं आहेत, ती वापरूया: नोंद घेऊन जाऊ दिली तर ‘कळ टिपली’, पुढे जाऊच दिली नाही तर ‘कळ गिळली’. नाक्यावरचा हवालदार गाडीचा नंबर टिपतो, गाडी अडवतोच असं नाही. (शिकारीही हरीण टिपतो हे खरं, पण संदर्भाने तो घोळ होत नाही.) ‘अडवली’ही चालेल, मला ‘गिळली’ जास्त नेमका वाटतो, कारण अडवलेली गोष्ट नंतर सुटू शकते.

एक मात्र पाळा. ‘अक्षर टिपलं’ असं लिहू नका. फोनेटिक पद्धतीने मराठी टाइप करताना शब्द जुळत असतो तेव्हा ब्राउझरचा कीडाउन, कळ कोणतीही असो, बहुधा २२९ हा एकच आकडा देतो. कळ दाबली गेली एवढंच त्यातून समजतं. ‘क’ होता की ‘ख’, ते नाही.