राजहंसाची पिल्ले अंड्यातच का मरतात?

प्रश्न : गुहागर तालुक्यातील आमच्या सुपारीच्या वाडीत कपाळावर गाठ असलेल्या पांढऱ्या राजहंसांचा एक नर आणि दोन माद्या आहेत. त्यांची १४ अंडी मी कोंबडीच्या अंड्यांसाठी घेतलेल्या, पंखा असलेल्या लहान उबवणी यंत्रात ठेवली आणि पाण्याची दोन्ही भांडी पहिल्या दिवसापासून भरलेली ठेवली. ३ अंडी वांझ निघाली, ९ अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्ले मेलेली आढळली आणि २ पिल्ले जगली. त्यांतील एकाचे पाय फाकलेले आहेत. पुढची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत का?

उत्तर : ३ वांझ अंड्यांची चिंता करू नये, नर पहिल्याच वर्षाचा असल्यास तेवढी निघतातच. खरा प्रश्न त्या ९ अंड्यांचा आहे, आणि माझा संशय पाण्याच्या भांड्यांवर आहे. उबवण्याच्या काळात अंड्यातील ओलावा कवचाच्या छिद्रांतून बाहेर जातो आणि बोथट टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लू कवच फोडण्याआधी पहिला श्वास याच पोकळीत घेते. आपल्या किनाऱ्यावरची हवा मुळातच दमट, त्यात भांडीही भरलेली, त्यामुळे ओलावा बाहेर पडत नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरते. मेलेली पिल्ले फुगलेली आणि ओलीचिंब असल्यास कारण हेच समजावे.

कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेल्या सूचना पाळण्यापेक्षा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर भरवसा ठेवावा. १५० ग्रॅमचे अंडे दर आठवड्याला सुमारे ५ ग्रॅमने, म्हणजे २८ दिवसांत साधारण २० ग्रॅमने हलके झाले पाहिजे. घट कमी दिसल्यास भांडी काढावीत, जास्त दिसल्यास एक भरावे. तापमान ३७.५ अंश सेल्सिअस राखावे आणि अंडी आडवी ठेवून दिवसातून चार-पाच वेळा उलटावीत. आठव्या दिवसापासून रोज १०-१५ मिनिटे झाकण उघडून ती निववावीत, कारण मादीही चरायला घरट्यातून उठतेच. मात्र २८व्या दिवशी उलटणे व निववणे थांबवून दोन्ही भांडी भरावीत, कारण शेवटी हवा कोरडी राहिल्यास आतील पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. चोचीने भोक पाडल्यानंतर बाहेर यायला पिल्लाला एक दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतो. तेवढ्यात कवच सोलण्याची घाई अनेकांच्या हातून होते आणि पिल्लू रक्तस्रावाने मरते.

खुडूक कोंबडीला चार-पाच अंडी झेपतात, पण एवढी जड अंडी तिला नीट उलटता येत नाहीत, तेव्हा ती आपणच उलटावीत. शिवाय तिची बैठक २१ दिवसांची आणि ही अंडी २८ ते ३१ दिवसांची, त्यामुळे ती मध्येच उठली तर यंत्र तयार असावे.

पाय फाकण्याचे कारण बहुधा पिल्लांखाली घातलेले गुळगुळीत वर्तमानपत्र असते. त्याऐवजी गोणपाट अंथरावे आणि दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर मऊ पट्टीने काही दिवस सैलसर बांधून ठेवावेत. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर पिल्ले वाढवू नयेत, कारण त्यांना नियासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागते. खाद्यात थोडे यीस्ट आणि बारीक चिरलेले कोवळे गवत द्यावे. यंत्रातल्या पिल्लांच्या पिसांना आईच्या अंगचे तेल मिळत नाही, म्हणून पहिले काही आठवडे त्यांना पोहायला सोडू नये आणि पावसाळा लागला तर पडवीतच ठेवावे.