वाचकांचे प्रश्न: सांगोल्याचे आबासाहेब आणि अकरा निवडणुका

मागच्या अंकात सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार राहिलेल्या गणपतराव देशमुखांबद्दल, म्हणजे आबासाहेबांबद्दल, जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं पान त्यांनाच दिलंय. सगळ्या पत्रांना उत्तर देणं शक्य नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच घेतलेत.

आबासाहेब नक्की किती वेळा आमदार झाले? आमच्या ग्रुपवर कुणी अकरा म्हणतं कुणी बारा, आणि एकाच मतदारसंघातून सर्वात जास्त वेळा निवडून यायचा देशातला विक्रम त्यांचाच हे खरं का? (एक वाचक, पंढरपूर)

अकरा वेळा. १९६२ ला पहिल्यांदा, मग १९६७. १९७२ ला पडले, पण १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि परत आले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पुन्हा पडले. मग १९९९, २००४, २००९ आणि शेवटची २०१४. प्रत्येक वेळी सांगोलाच, आणि प्रत्येक वेळी शेतकरी कामगार पक्षच, म्हणजे शेकाप.

देशातल्या विक्रमाचं म्हणाल तर तो मेसेज पुढे पाठवू नका. केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आलेत. आबासाहेबांचं मोठेपण त्या आकड्यावर अवलंबून नाहीच, मला तर त्या अकरा आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते, ती म्हणजे पक्ष. ते पहिल्यांदा सभागृहात गेले तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि शेवटच्या टर्मला देवेंद्र फडणवीस. या मधल्या काळात किती पक्ष फुटले, किती नवे झाले, किती जणांनी गळ्यातले पंचे बदलले आणि १९४७ ला स्थापन झालेला शेकाप तर रायगड आणि इकडची एखाददुसरी जागा एवढ्यावर आला. मोठ्या पक्षात गेले असते तर काय काय मिळालं असतं हे तालुक्यातल्या पोरासोरांनाही कळत होतं. ते गेले नाहीत.

मी पंचवीस वर्षांचा आहे, पुढच्या वेळी ग्रामपंचायतीला उभं राहायचं डोक्यात आहे. पैसे न वाटता निवडणूक जिंकता येते यावर गावात कुणाचाच विश्वास नाही. आबासाहेबांचा प्रचार कसा असायचा ते सविस्तर सांगा ना. (एक वाचक, पुणे जिल्हा)

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्तर जरा लांबणार आहे.

पहिलं म्हणजे प्रचाराचे पंधरा दिवस असतात ना, त्यात काही फारसं होत नाही. तेवढ्या दिवसात माणूस फक्त आठवण करून देतो की मी आहे. खरा प्रचार आधीच्या पाच वर्षात झालेला असतो किंवा झालेला नसतो. आबासाहेब मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिली शिकून सांगोल्याला आले, म्हणजे भावकीची आयती मतं इथं नव्हती. कोर्टात आलेला शेतकरी, बांधाचं भांडण, कुळाची केस, कर्जाची नोटीस, अशा कामातून माणसं जोडली गेली. कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाला कुणी नीट समजावून सांगितलं की बाबा तुझ्या कागदाचा अर्थ हा आहे, तर तो माणूस ते आयुष्यभर विसरत नाही, आणि त्याची पोरंही विसरत नाहीत.

दुसरं, ते एसटीने फिरायचे. आता हे सगळेजण कौतुकाने सांगतात आणि तिथंच थांबतात. पण एसटीने फिरलं की काय होतं बघा. माहूदच्या गाडीत चढलात की शेजारी बाजाराला निघालेली बाई असते, मागे कॉलेजची पोरं, पुढे दवाखान्यात निघालेला म्हातारा, आणि तासभर कुणालाही उतरून जाता येत नाही, तुम्हालाही नाही. त्या तासात जे कानावर पडतं ते कुठल्याही सर्वेत येत नाही. गाडीची काच वर करून जाणाऱ्या पुढाऱ्याला ते कधीच ऐकू येणार नाही. साधेपणा म्हणून ते चांगलं होतंच, पण मी त्याच्याकडे कामाची पद्धत म्हणून बघतो.

तिसरं पैशाचं. लोक वर्गणी काढायचे. गावातलीच माणसं आपल्या खर्चाने फिरायची, भाकरी घरनं बांधून न्यायची. आणि ज्याने स्वतःच्या खिशातनं पन्नास रुपये दिलेत ना तो माणूस मतदानादिवशी झोपून राहत नाही, तो शेजारच्या चार घरांना उठवतो, वस्तीवरच्या म्हाताऱ्याला मोटरसायकलवर बसवून बूथवर आणतो. वाटलेला पैसा असं काम कधी करत नाही. तुमच्या गावात पाचशे मतं असतील तर शंभर घरातनं थोडे थोडे पैसे घ्या, देणाऱ्याला वहीत लिहून हिशोब दाखवा. मागताना लाज वाटेल, पण मागा.

आणि हो, तरीही पडाल. हे मी मुद्दाम सांगतोय. १९९५ ला आबासाहेब १९२ मतांनी पडले, शहाजीबापू पाटलांकडून. मी तेव्हा सोलापूरला रूम करून शिकत होतो, रूमवर सांगोल्याकडची दोघं पोरं होती आणि रात्री उशिरापर्यंत रेडिओला कान लावून बसली होती. तेव्हा मशीन नव्हती, मतपत्रिका, शिक्का, त्याच्या गड्ड्या बांधायच्या, मोजायच्या, शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला असेल तर त्यावर वाद, असं रात्रभर चालायचं. आकडा कळला तेव्हा त्यातला एकजण काहीच बोलला नाही, उठून सरळ सकाळच्या गाडीला गावाकडे निघाला. नंतर म्हणाला की आमच्या एका वस्तीवरचीच वीसेक माणसं ऊसतोडीला गेली होती, मतदानाला कुणी आलंच नाही. १९२ म्हणजे अशा दहा वस्त्या.

त्यानंतरची चार वर्षं आबासाहेब आमदार नव्हते. पण तालुका सोडून गेले नाहीत, पक्ष सोडला नाही, १९९९ ला परत उभे राहिले आणि निवडून आले. तेव्हाच त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. नंतर २०१४ ला, नव्वदीला टेकलेले असताना, त्याच शहाजीबापूंना पंचवीस हजारांच्या आसपास मतांनी हरवलं. पडल्यावरची चार वर्षं कशी काढली हे तुम्ही शिका असं मी म्हणेन.

पन्नास वर्षं एकच आमदार आणि सांगोला अजून दुष्काळी तालुकाच. मग एवढं कौतुक कशाचं? राग मानू नका पण हा प्रश्न कुणी विचारतच नाही. (एक वाचक, कवठेमहांकाळ)

राग कशाला येईल, या पानावर आलेला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

आधी तालुका कसा आहे ते डोळ्यासमोर आणा. माण नदी आहे पण ती वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. पाऊस आला तर आला. कृष्णा आहे ती लांब पश्चिमेला आणि मधे उंच भाग आडवा, म्हणजे पाणी आपोआप वाहून येणार नाही, उचलूनच आणावं लागणार. कराडजवळ टेंभूला कृष्णेतनं पंपाने पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्याने वर चढवत खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायचं, हीच टेंभू योजना. तुमच्या कवठेमहांकाळलाही पाण्याच्या पाळीची वाट बघणं नवीन नाही. हे काम एका तालुक्याच्या आमदाराच्या हातातलं नसतं, त्याला राज्याचा निर्णय लागतो, हजारो कोटी लागतात, आणि आबासाहेब बहुतेक काळ विरोधी बाकावर.

मग त्यांनी काय केलं? एक, पाणी हाच निवडणुकीचा मुद्दा करून ठेवला. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरायला लागली, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब, तेरा दुष्काळी तालुक्यातली माणसं ट्रकने, टेम्पोने यायची. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि ते अडवलं-वापरलं नाही तर हातचं जाईल ही भीती तेव्हा होती. १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ झालं, टेंभूचं काम सुरू झालं. श्रेय एकट्याचं नाही, पण हा रेटा नसता तर सांगोल्याचं नाव त्या नकाशावर शेवटी तरी राहिलं असतं का याची मला शंका वाटते.

दोन, सभागृह. लक्षवेधी सूचना, नियम २९३ खालचा चर्चेचा प्रस्ताव, स्थगन प्रस्ताव, मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा तारांकित प्रश्न, ही सरकारला जाब विचारायची आयुधं लोकांना कंटाळवाणी वाटतात पण छोट्या पक्षाच्या आमदाराकडे एवढंच असतं. उत्तरात मंत्री म्हणाला की काम अमुक महिन्यात सुरू होईल, की ते रेकॉर्डवर येतं, पुढच्या अधिवेशनात तोच कागद घेऊन उभं राहायचं. यासाठी सभागृहात बसून राहावं लागतं. आबासाहेब बसायचे.

तीन, जे पाणी येईपर्यंत करता येईल ते. रोजगार हमीचं उदाहरण घ्या. ७२ च्या दुष्काळात आमची आजी खडीच्या कामावर होती, ती सांगायची की सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा, दिवसभर दगड फोडायचा, हाताच्या सालट्या निघायच्या आणि दुपारी सुकडी मिळायची, त्यातली अर्धी ती पदराला बांधून घरी पोरांना आणायची. या अनुभवातनं १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडनं व्यवसाय कर घेतला जातो. या योजनेचे जनक वि. स. पागे काँग्रेसचे, पण विरोधी बाकावरच्या डाव्या मंडळींनीही ही योजना आपली मानली आणि जपली. पुढे १९९० ला रोजगार हमीतनं फळबाग लावायची सोय झाली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब आलं. ज्या जमिनीत बाजरी धड येत नव्हती तिथं ठिबकवर भगवा जातीचं डाळिंब, आणि तो माल परदेशात जायला लागला. त्यातच सूतगिरणी. तालुक्यात कापूस पिकत नाही, तरी शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी गिरणी काढली आणि राज्यातल्या इतर कितीतरी गिरण्या बुडत असताना ती नीट चालवून दाखवली.

आता तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू, ती मी झाकणार नाही. टेंभूचं पाणी शेवटच्या गावांना मिळायला फार म्हणजे फार उशीर झाला. पंपाचं वीजबिल कुणी भरायचं यावरच वर्षानुवर्षं गेली, शेवटी शासनाने ८१ टक्के आणि शेतकऱ्याने १९ टक्के असं ठरलं तेव्हा कुठे जरा सुरळीत झालं. एका पिढीने आबासाहेबांना मतं दिली आणि पाणी न बघताच ती पिढी गेली. डाळिंबावर तेल्या रोग आला, मागच्या काही वर्षात खोडकिडीने आणि अवकाळी पावसाने बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. सत्तेत गेले असते तर पाणी दहा वर्षं आधी आलं असतं असं म्हणणारी माणसं तालुक्यात आहेत, आणि त्यांचं दुःख खोटं नाही. मला स्वतःला वाटतं की सत्तेतल्या आमदारांचे शेजारचे तालुकेही तेवढीच वर्षं पाण्यासाठी थांबले, तेव्हा फक्त पक्ष बदलून पाणी आलं असतं असं दिसत नाही.

ते कधी मंत्री झालेच नाहीत का? (एक वाचक, ठाणे)

झाले की. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या. दोन्ही मिळून थोडीच वर्षं. त्यांच्या पक्षाने २००२ ला विलासरावांच्या सरकारातनं बाहेर पडायचं ठरवलं.

आयुष्यभर तत्त्वाने राहिले आणि शेवटी उमेदवारी नातवालाच. याला घराणेशाही नाही तर काय म्हणायचं? (एक वाचक, सांगली)

घराणेशाहीच म्हणायचं. मला आबासाहेबांबद्दल कितीही आदर असला तरी दुसरा शब्द वापरणार नाही. २०१९ ला वय झालं म्हणून ते थांबले, नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले, समोर पुन्हा शहाजीबापूच, म्हणजे ज्यांचं झाडी-डोंगराचं बोलणं नंतर २०२२ ला शिवसेनेच्या फुटीवेळी गुवाहाटीवरनं घरोघरी पोचलं ते. इतकी वर्षं ज्या पक्षात कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून निवडणुका लढवल्या तिथं त्यातलाच एखादा पुढे यायला हवा होता असं मलाही वाटतं. पण हेही खरं की मतदारांनी नाव बघून डोळे झाकून शिक्का मारला नाही, पहिल्या खेपेला पाडलं.

३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब शेकापकडूनच उभे राहिले आणि निवडून आले. आज विधानसभेत शेकापचा एकच आमदार आहे आणि तो सांगोल्याचा आहे. एकट्या आमदाराला चर्चेत बोलायला वेळ फार थोडा मिळतो, त्यामुळे लक्षवेधी आणि तारांकित प्रश्न हेच त्यांच्या हातात उरतं. आता अधिवेशन लागलं की त्यांच्या नावावर किती प्रश्न लागतात, त्यात टेंभूच्या शेवटच्या गावांचा विषय किती वेळा येतो आणि मंत्री काय उत्तर देतात हे मी वहीत लिहून ठेवणार आहे. तुम्हीही ठेवा, आणि मला पाठवा.