अमेरिकेच्या नैऋत्येतल्या नवाहो या मूळनिवासी लोकांचे चांदीचे दागिने खरंच प्राचीन आहेत का? त्याच भागातल्या झुनी आणि होपी जमातींचं काम वेगळं कसं ओळखायचं?

दुकानदार 'प्राचीन कला' म्हणून विकतात, पण नवाहोंचं चांदीकाम जेमतेम दीडशे वर्षांचं आहे. पिरोजा (निळा-हिरवा खडा) आणि शिंपल्यांचे मणी प्वेब्लो लोक (झुनी आणि होपी त्यांच्यातलेच) त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून घडवत होते. चांदी मागाहून आली.

पहिला कारागीर म्हणून अत्सिदी सानीचं नाव घेतात. मूळचा तो लोहार, मेक्सिकन कारागिराकडे शिकलेला. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंना शेकडो मैल पायी चालवत बोस्क रेडोंडोच्या छावणीत डांबलं. 1868 मध्ये माणसं घरी परतली आणि हे काम फोफावलं ते त्यानंतर. सगळं गमावून आलेल्यांनी अमेरिकी नाणी वितळवून दागिने घडवले, हे मला अजूनही थक्क करतं. नाणी वितळवण्यावर निर्बंध आले तेव्हा त्यांनी मेक्सिकन पेसो वापरले.

मी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात राहतो. एकदा एका आजींनी माझ्या हातावर एक पोकळ मणी ठेवला. चांदीची चकती खोलगट साच्यात ठोकून वाटी करायची, अशा दोन वाट्या तोंडाला तोंड लावून झाळायच्या. नखाने चाचपलं तर मधला सांधा जेमतेम लागत होता. बांगडीवरची नक्षीही ठशांची, आणि ते ठसे बहुधा जुन्या कानशींसारख्या पोलादातून कारागिरानेच कोरलेले.

आता ओळखायचं कसं? हे ठोकताळेच आहेत, पण उपयोगी पडतात. नवाहो कामात चांदी भरघोस असते, खडा तिला शोभा आणतो. झुनींकडे उलट: खडाच राजा, सुईच्या टोकाएवढे पिरोजे ओळीने कोंदणात बसवलेले. अत्सिदी चोन या नवाहोने 1872 च्या सुमारास झुनींच्या गावात लान्यादे या झुनी माणसाला चांदीकाम शिकवलं आणि लान्यादेने पुढे होपी सिक्यातलाला. होपींची आजची ओळख असलेली शैली मात्र बरीच नंतरची. चांदीचे दोन पत्रे, वरच्यात नक्षी आरपार कापलेली, खालचा काळवलेला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या होपी सैनिकांना फ्रेड कबोती आणि पॉल सॉफकी यांनी ती शिकवली.

घ्यायचंच असेल तर न्यू मेक्सिकोच्या राजधानीत, सांता फेला जा. तिथल्या पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या सरकारी इमारतीच्या ओसरीत कारागीर किंवा त्यांच्या घरचे स्वतः बसतात. दागिना उलटा करून कारागिराची खूण बघा आणि कुणी घडवला ते विचारा. ते कौतुकाने सांगतात.