सातभाईंच्या पिल्लाची आई शोधू नका, त्याची जागा सांभाळा

आपण लिहिले आहे की, मुलुंडमधील आपल्या सोसायटीच्या बागेत मेंदीच्या कुंपणाखाली सातभाई या थव्याने राहणाऱ्या पक्ष्यांचे एक पिल्लू बसले आहे, त्याला उडता येत नाही, आणि निरनिराळे पाच पक्षी त्याला भरवून जात असल्यामुळे त्यांतली आई कोणती व ती त्याला टाकून तर गेली नाही ना, हे आपल्याला कळेनासे झाले आहे. काही वर्षांपूर्वी बोरिवलीत भर जुलैमध्ये मी नेमका याच शंकेने हैराण झालो होतो.

मी पक्षितज्ज्ञ नाही, आणि पिल्लू जखमी असेल तर पुढचे काहीही न वाचता पशुवैद्य गाठावा. ते धडधाकट असेल, तर मात्र माझी चूक आपण करू नये.

खिडकीतून पाहताना, अळी घेऊन येणाऱ्या एका पक्ष्याचे डोळे काळसर दिसले. मोठ्या सातभाईचे डोळे फिकट पिवळसर असतात आणि काळसर डोळे कोवळ्या वयाचे लक्षण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तो बहुधा आधीच्या विणीतला भाऊ किंवा बहीण असावी. मी मात्र तो कोणी परका पक्षी आहे असे ठरवले, पिल्लाला चपलांच्या खोक्यात घातले आणि रिक्षाने एका पक्षी-केंद्रात नेले. तेथे दोन तास बसवून ठेवल्यावर पिल्लाकडे धड न पाहता मला सांगण्यात आले की, सातभाई दिसतील अशा कोणत्याही बागेत याला सोडा, ते सगळ्यांचीच पिल्ले भरवतात. पाऊस कोसळत होता, परत जायचा कंटाळा आला होता, म्हणून मी जवळच्याच उद्यानात त्याला ठेवले. तिथला थवा आला, कलकलाट करून निघून गेला. अंधार पडेपर्यंत पिल्लाच्या चोचीत कोणी काही घातले नाही, आणि सकाळी ते तिथे नव्हते. ते वाक्य आठवले की आजही संताप होतो, पण खोके उचलणारे हात माझेच होते.

सातभाई भरवतात ते आपल्या थव्याचे पिल्लू. प्रत्येक थव्याची हद्द ठरलेली असते आणि शेजारच्या थव्याशी त्यावरून भांडणे होतात. मदत करणारे बहुधा नात्यातले असतात, आणि भावंड जगले तरी आपलाच वारसा काही अंशी पुढे जातो, हा हिशेब जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडला. थव्यात राहून मदत करण्याचे दुसरे कारण मुंबईकराला समजावून सांगायला नको: स्वतःची जागा मिळत नाही म्हणून मोठी झालेली मुले घरीच राहतात. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरच्या वटवट्या या लहान पक्ष्यांच्या एका जातीत हे प्रत्यक्ष पाहण्यात आले आहे. गच्च भरलेल्या कझिन बेटावरून १९८८ मध्ये काही पक्षी मोकळ्या अरीद बेटावर नेले, तेव्हा त्यांनी मदतनीस म्हणून न राहता आपापले संसार थाटले.

गंमत अशी की, हेच सातभाई आपल्या घरट्यात पावशाने, म्हणजे दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याने, घातलेले अंडे उबवून त्याचे पिल्लूही मन लावून वाढवतात. माझा तर्क एवढाच की, घरट्यात आणि हद्दीत जे आहे ते आपले, असा त्यांचा साधा नियम असावा. म्हणूनच पिल्लू पन्नास पावलांपलीकडे नेण्याच्याही मी विरुद्ध आहे, मग कोणी कितीही अधिकाराने सांगो.

नीट उडता येण्याआधीच घरटे सोडणे ही या पिल्लांची रीतच आहे. आपण दूध-पाव देऊ नये, मांजर आल्यास पिल्लू उचलून त्याच कुंपणाच्या वरच्या फांदीवर ठेवावे आणि दूर जाऊन उभे राहावे. माणसाच्या स्पर्शाने पक्षी पिल्लू टाकत नाहीत. माळीकाकांना मात्र आजच गाठा, कारण मेंदी छाटण्याचा वार बहुतेक सोसायट्यांत ठरलेला असतो आणि या आठवड्यात ती कात्री तिथे फिरता कामा नये.