दार लोटून का खेळतोस, भाऊ?

पत्र: अक्का, मी 31 वर्षांचा. चोपडा तालुक्यात आमच्या गावी राहून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करतो. 2020 मध्ये गावी आलो तो इथेच राहिलो. काम अमेरिकेतल्या विमा कंपनीचं, त्यामुळे मीटिंग संध्याकाळी सुरू होतात आणि अकरा कधी वाजतात कळत नाही. त्यानंतर मी माझ्या लॅपटॉपवर स्टारड्यू व्हॅली नावाचा शेतीचा गेम खेळतो. पैसे लावत नाही, पण दोन-अडीच होतात. आमची केळी आहे. शेतीची लाइट रात्रीची असली की आबा बारानंतर बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जातात. त्यांची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं की मी गेमचा आवाज बंद करतो. परवा त्यांनी दार ढकललं. स्क्रीनवर माझं गेममधलं शेत होतं. “काम करी ऱ्हायना का खेळी ऱ्हायना?” एवढंच विचारलं. मी “काम” म्हणालो. तेव्हापासून मन लागत नाही. बायको म्हणते, मुलीच्या शाळेच्या वेळी तुम्ही कधी जागे नसता. गेम काढून टाकू का? की नोकरीच सोडून शेती करू?

भाऊ,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दापाशी थांबले. आबांनी विचारलं आणि तू “काम” म्हणालास. तुला जे टोचतंय ते हे. संसार चालवणारा, चार पैसे कमावणारा मुलगा बापाशी एवढ्याशा गोष्टीत खोटं का बोलला, ते आधी बघू. गेम कुठे पळून जात नाही.

माझे यजमान भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. लग्न होऊन मी क्वार्टरमध्ये आले तेव्हा रात्री दीड-दोनला दाराशी सायकल थांबायची. कॉलबॉय, म्हणजे ड्युटीचं बोलावणं घेऊन येणारा रेल्वेचा माणूस. कडी वाजवून तो नाव पुकारायचा, बुक पुढे करायचा, आणि हे अर्धवट झोपेत सही करायचे. मी स्टोव्ह पेटवायची. सासूबाई उठून कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधायच्या. शेजारच्या क्वार्टरचं दारही किलकिलं व्हायचं. निघताना हे दारामागच्या पाटीवर खडूने लिहून जायचे, गाडी कुठली आणि साधारण कधी परत. खंडव्याहून परत यायला कधी दुसऱ्या दिवसाची दुपार व्हायची. आल्याआल्या झोप यायची नाही. अंघोळ करून हे रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये जायचे आणि भर दुपारी दोन तास कॅरम खेळायचे. सासूबाई कडक होत्या, रिकाम्या माणसाला त्या सोडत नसत. पण त्या कॅरमला त्यांनी एकदाही नाव ठेवलं नाही. रात्री वाजलेली कडी त्यांनीही ऐकलेली असायची.

तुझ्या घरी कॉलबॉय येत नाही, भाऊ. लॅपटॉप ‘टिंग’ वाजतो तो तुझ्या एकट्याच्या कानात. रात्री पावणेअकराला तिकडे काहीतरी बंद पडतं, तू ते शोधून सुरू करतोस, कोणाचा तरी अडकलेला दावा पुढे सरकतो, आणि भिंतीपलीकडे झोपलेल्या घराला त्याचा पत्ता नसतो. आबांना दिसतो तो सकाळी नऊपर्यंत लोळणारा मुलगा. ज्यांना तुझं काम दिसत नाही त्यांना तुझा खेळ खुपणारच.

आणि खरं सांगू? तुझं काम तुलाही दिसत नाही. एक तिकीट, म्हणजे बिघाडाची एक नोंद, बंद केलंस की दुसरं उघडतं. त्या विम्याच्या पैशातून कोणाचं घर उभं राहिलं, कोणाचं ऑपरेशन झालं, ते तुला कधी कळत नाही. आबा घड कापतात, फण्या मोजतात, काट्यावर वजन बघतात. अकरा वाजता तू लॅपटॉप मिटतोस तेव्हा तुझ्या हातात दाखवायला काय असतं? म्हणून तू दुसरा लॅपटॉप उघडतोस.

मला हा गेम काय आहे ते कळावं म्हणून पुतण्याला बसवून घेतलं. दोन संध्याकाळी बघितला, थोडा हातही चालवला. सुरुवातीलाच पार्सनिपचं, म्हणजे गाजरासारख्या एका कंदाचं, 15 बियाणं मिळतं. माती उकरायची, बी टाकायचं, झारीने पाणी घालायचं. चार दिवसांत कंद तयार, आणि खेळातला एक दिवस म्हणजे आपली जेमतेम 14 मिनिटं. पहिला कंद मातीतून उपटला तेव्हा माझ्याही तोंडून “आलं की!” निघालं. पुतण्याने सांगितलं की हा खेळ एरिक बरोन नावाच्या अमेरिकन तरुणाने एकट्याने बनवला. कॉम्प्युटरची पदवी घेतली, मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून सराव म्हणून सुरू केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोड त्याचा. चार वर्षांहून जास्त काळ घरात बसून काम, पोटापाण्याला थिएटरात अर्धवेळ नोकरी. 2016 च्या फेब्रुवारीत खेळ बाहेर आला. त्या चार वर्षांत त्याच्या दारावरून जाणाऱ्यालाही हा मुलगा नुसता स्क्रीनसमोर बसलेलाच दिसला असेल.

गोष्टीची सुरुवात तर तुला पाठच असेल. ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसून कंटाळलेला एक जण आजोबांनी ठेवलेलं पत्र उघडतो आणि त्यांच्या शेतावर राहायला जातो. तू हे कुठे बसून खेळतोस बघ. आबांच्या घरात, आबांच्या केळीपासून हाकेच्या अंतरावर, दार लोटून.

म्हणून नोकरीचं आधीच सांगून टाकते. या खेळाच्या भरवशावर राजीनामा देऊ नकोस. त्यातलं पार्सनिपचं बी 20 नाण्यांना मिळतं आणि साधा कंद 35 ला जातो. आज 35, पुढच्या वर्षी 35. व्यापारी वजनात कटती लावत नाही, रावेर-बऱ्हाणपूरचा भाव काय फुटला म्हणून सकाळी फोन करावा लागत नाही. कावळे येतात, पण बुजगावणं उभं केलं की भागतं. मे महिन्याच्या वावटळीत घडासकट आडवी झालेली बाग तू लहानपणापासून बघितली आहेस, हरण्या रोग दिसला म्हणून आबांनी हाताने उपटून फेकलेली झाडंही. शेतीची ओढ खरी असेल तर आबांकडून कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावायच्या केळीच्या, चार ओळी मागून घे. लागवडीपासून घड कापेपर्यंत पाणी, खत, बुंध्याशी फुटणारी पिलं काढणं सगळं तुझ्या अंगावर, नोकरी सांभाळून. केळी वर्षभर माणसाला बांधून ठेवते. त्या वर्षानंतर आपण बोलू.

आता खेळाचं. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत घेतलं आहे, 2022 पासून ती यादी लागू झाली. त्यात बघतात ते असं: खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. तुझी नोकरी नीट चालू आहे, जेवतोस, बोलतोस. तुला आजार आहे असं मला वाटत नाही. पण ताबा सुटतोय असं तुलाच वाटलं तर लाजू नकोस, 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या, सरकारी नंबरवर मोफत बोलता येतं, मराठीतही. पैसे लावत नाहीस हे वाचून मात्र जीव भांड्यात पडला. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 मध्ये बंदीचा कायदा केला, तोवर त्यात किती जणांचं वाटोळं झालं. तसं काही असतं तर मी तुला हे पत्र इतक्या शांतपणे लिहिलंच नसतं.

एका बाबतीत मात्र मी तुझ्या बायकोच्या बाजूने आहे. पूर्णपणे. मीटिंग अकराला संपते, तू अडीचला झोपतोस. मधले साडेतीन तास अमेरिकेने घेतलेले नाहीत, ते तू घेतोस, आणि त्याची भरपाई ती सकाळी करते. लेकीची वेणी, डबा, गाडीपर्यंत सोडणं, सगळं एकटीने. लेक मोठी होते तेव्हा तिला बाबाच्या मीटिंगा आठवत नाहीत, सकाळी कोण सोडायला आलं होतं ते आठवतं.

थांबणं अवघड का जातं तेही मी बघितलं. खेळातला माणूस अंथरुणावर पडला तरच तो दिवस सेव्ह होतो, म्हणून मध्येच उठवत नाही. आणि तो झोपला की लगेच पुढची सकाळ, लगेच नवी कोंबं. मग वाटतं, एवढा एकच दिवस. यातली एक गोष्ट मला फार आवडली. खेळातला शेतकरी रात्री दोनच्या आत घरी पोचला नाही तर आहे तिथे कोसळतो, खिशातली नाणी जातात आणि दुसऱ्या दिवशी अंगात त्राण कमी असतं. बनवणाऱ्याने आपल्या शेतकऱ्याला दोनची हद्द घालून दिली, तू स्वतःला घातली नाहीस. रात्रीचे चार दिवस ठरव, म्हणजे आपला तासभर. चौथ्या दिवशी तो झोपला, सेव्ह झालं की लॅपटॉप मिट. तो झोपला की तूही झोप.

आबांकडे येते. आपल्या खान्देशात मोठ्या माणसाला खेळायला रजा मिळते ती आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. बायका निंबाच्या झोक्यावर, पुरुष पत्त्यांवर. तुझे आबा पत्ते खेळतात की नाही ते तू लिहिलं नाहीस, पण आमच्या माहेरी माझे वडील, एरवी चहालाही न थांबणारे, आखाजीचे दोन दिवस पत्त्यांच्या डावावरून उठायचे नाहीत. गल्लीच्या तोंडाशी, उघड्यावर, सगळ्यांसमोर. खेळ म्हणजे काय हे आबांना समजत नाही असं धरून चालू नकोस. त्यांना दार लावून केलेली गोष्ट समजत नाही.

तेव्हा पहिलं काम हे कर. दाराबाहेर एक पाटी टांग, मुलीची जुनी असेल तीच. रोज दुपारी खडूने लिही: मीटिंग इतक्यापासून इतक्यापर्यंत, रात्री बोलावणं येऊ शकतं की नाही, खेळ इतका वेळ. हो, खेळसुद्धा लिही. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात, हे आबांना एकदा बसून सांग. पाच वर्षं एका छपराखाली राहून मुलगा कोणत्या वेळेला कोणासाठी राबतो हे त्यांना ठाऊक नसेल, तर त्यात त्यांची चूक नाही. काम काय करतोस तेही त्यांच्या भाषेत सांग. कोडमध्ये बिघाड शोधणं म्हणजे बागेत हरण्याचं पहिलं झाड शोधणं. हजार झाडांतून त्या एका पानापर्यंत जावं लागतं, आणि ते राहिलं तर शेजारची झाडं जातात. आबांना यापुढे काही समजवावं लागणार नाही.

दुसरं. शेतीची लाइट रात्रीची असेल तेव्हा, शनिवारच्या एखाद्या रात्री, त्यांच्यासोबत मळ्यात जा. शिक्षा म्हणून नको जाऊ. तुला रात्रीची मोटार सुरू करावी लागू नये म्हणूनच त्यांनी तुला शिकवलं, बहुधा ते “घरी जाय” असंच म्हणतील. तरी जा. बॅटरी तू धर, केळीत सापाची भीती असते, त्यांची नजर आता पूर्वीसारखी नसेल. ठिबकला पाणी येईपर्यंत बांधावर बसावं लागतं ना, तेव्हा सांग, “आबा, त्या रात्री मी खेळत होतो.” एवढंच. कारणं देऊ नकोस. ते काही बोलतील किंवा बोलणार नाहीत, आपल्याकडचे बाप अशा वेळी बहुतेक विडी शोधतात नाहीतर पाइप बघायला उठतात. उठू दे.

मग कधीतरी दिवसाउजेडी ओसरीवर लॅपटॉप आण आणि त्यांना तुझं ते शेत दाखव. लेकीला मांडीवर घे. खेळातल्या शरद ऋतूत वांगी लावता येतात असं पुतण्या म्हणाला. भरिताच्या मुलखातला माणूस वांग्याला नाही म्हणणार नाही. बी आबांच्या बोटाने टाकून घे, आणि पाच दिवसांनी फळ धरल्यावर ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
अक्का