वाचकांचे प्रश्न : वर्गातला तक्ता, तारे आणि बोजारा

प्रश्न : आदरणीय ताई, मी एका अनुदानित प्राथमिक शाळेत इयत्ता तिसरीला शिकवते. माझ्या वर्गाच्या पटावर ४२ मुले आहेत. जुलैमध्ये मी भिंतीवर 'आपले तारे' असा एक तक्ता लावला. गृहपाठ पूर्ण असणे, गणवेश स्वच्छ असणे, वेळेवर येणे, हस्ताक्षर आणि शिस्त या पाच गोष्टींसाठी रोज तारे द्यायचे आणि महिनाअखेर सर्वांत जास्त तारे मिळवणाऱ्याचा परिपाठात सत्कार करायचा, अशी ती योजना होती. पहिले दोन महिने वर्गात खूप उत्साह होता. आता मात्र तेच सहा-सात जण पुढे असतात आणि बाकीची मुले तक्त्याकडे पाहतही नाहीत. परवा एका मुलीला फळा पुसायला सांगितले, तर तिने आधी विचारले, "बाई, तारा देणार का?" तक्ता काढून टाकावा का? काढला तर त्याच्या जागी काय करावे?
— एक शिक्षिका, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : तुमच्या त्या मुलीने अगदी व्यवहाराचा प्रश्न विचारला आहे, तिच्यावर रागावू नका. प्रत्येक कामाला मोल असते हे आपणच तिला चार महिने शिकवले आहे.

आधी तुमच्या पाच रकान्यांकडे एकदा शांतपणे पाहा. गृहपाठ पूर्ण होणे हे घरी शेजारी बसणारे कोणी आहे की नाही यावर अवलंबून असते, गणवेशाची स्वच्छता नळाला पाणी किती वेळ येते आणि गणवेशाचे जोड किती आहेत यावर, तर वेळेवर येणे ऑटोवाल्यावर किंवा धाकट्या भावंडाला अंगणवाडीत कोण सोडते यावर. म्हणजे पाचपैकी तीन तारे मुलाच्या हाती नसून त्याच्या घराच्या हाती आहेत, आणि तेच सहा-सात जण पुढे का असतात याचे कारण बहुतेक इथेच सापडेल. ज्या मुलांनी तक्त्याकडे पाहणे सोडले, त्यांना हा हिशेब आपल्या आधी कळला.

दुसरे कारण बक्षिसाच्या स्वभावातच आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्या बालवाडीतील मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत असे, त्यांतील काहींना चित्र काढल्यास फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगण्यात आले, काहींना ते न सांगता नंतर देण्यात आले आणि काहींना काहीच दिले गेले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी पेने पुन्हा वर्गात मोकळी ठेवली तेव्हा आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेली मुले चित्रांकडे इतरांच्या निम्म्यानेच वळली, तर अवचित बक्षीस मिळालेल्या मुलांच्या आवडीत तशी घट झाली नाही. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात शिक्षेबरोबर बक्षिसालाही दूर ठेवले होते, ते या प्रयोगाच्या कितीतरी आधी.

माझाही असा एक तक्ता होता, हे कबूल केले पाहिजे. त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती, जी प्रश्न विचारला की खाली पाहायची आणि जिच्या नावापुढे जानेवारीपर्यंत जेमतेम चार तारे होते. एके दुपारी खिचडी वाढण्याची पाळी तिच्या गटाची होती आणि मी दारात उभी राहून पाहत होते. तिने पातेल्यात डाव तळापर्यंत फिरवला, वरची पातळ खिचडी आणि तळाची घट्ट डाळ एक केली आणि मग पहिल्या ओळीऐवजी शेवटच्या ओळीपासून वाढायला सुरुवात केली. मी कारण विचारले तर म्हणाली, "रोज मागच्यांना थंडी भेटते, बाई." माझ्या तक्त्यात यासाठी रकानाच नव्हता. मला तो तक्ता त्या दिवसापासून डोळ्यांसमोर नकोसा झाला.

त्याच्या जागी मी जे करू लागले ते तुम्हालाही जमेल, कारण त्याची निम्मी तयारी शासनाने तुमच्याकडून आधीच करून घेतलेली आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय निघाला. त्यात आकारिक, म्हणजे वर्गात रोजच्या रोज चालणाऱ्या मूल्यमापनाची जी साधने दिली आहेत, त्यांत पहिलेच साधन दैनंदिन निरीक्षण हे आहे. तिसरीला आकारिकचे भारांश ६० आणि संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, ४० आहेत, म्हणजे मूल रोज वर्गात काय करते याला परीक्षेपेक्षा अधिक वजन आहे. प्रत्यक्षात काय होते ते आपण दोघी जाणतो. वर्णनात्मक नोंदी सत्राच्या अखेरीस, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार याद्यांमधून उतरवल्या जातात, आणि 'गटकार्यात आनंदाने सहभाग घेतो', 'गृहपाठ नियमित करतो' ही वाक्ये ४२ पैकी कोणाच्याही नावापुढे चिकटवली तरी चालतात. जे वाक्य कोणालाही लागू पडते त्यात कोणाचीच दखल नसते.

तेव्हा एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि रोज हजेरीपटाच्या क्रमाने तीनच मुलांकडे त्या दिवसापुरते लक्ष ठेवा. १४ दिवसांत सर्व वर्ग पूर्ण होतो आणि पुन्हा पहिल्या क्रमांकापासून सुरुवात होते, त्यामुळे एकही मूल सत्रभर नजरेआड राहत नाही. प्रत्येकाबद्दल एकच वाक्य लिहायचे, पण ते असे असावे की नाव झाकले तरी वर्गाने ते मूल ओळखावे. 'गणितात प्रगती आहे' असे न लिहिता 'तीन अंकी वजाबाकीत अडली, तेव्हा काड्यांच्या दशकाचा गठ्ठा सोडून पुन्हा मांडला आणि उत्तर चुकले कुठे ते स्वतःच शोधले' असे लिहा. शाळा सुटण्याआधीच्या पाच मिनिटांत ती तीन वाक्ये वाचून दाखवा. टाळ्या, तारे, काही नको. पहिल्या आठवड्यात मुले चुळबुळ करतील, मग हळूहळू कान देऊ लागतील, आणि महिन्याभरात कोणीतरी येऊन सांगेल की बाई, आज तुम्ही अमक्याचे लिहा, त्याने काय केले ते मी पाहिले आहे. वहीत 'सर्वांना मदत करते' असे एखादे ढोबळ वाक्य शिरलेच, तर ते खोडून पुन्हा लिहा. मुलांना ढोबळपणा लगेच समजतो.

वर्गातल्या कामांचेही असेच आहे. फळ्यावर दिनांक आणि पट-उपस्थिती लिहिणे, चपलांची ओळ लावणे, वाचनपेटीतील पुस्तकांची देवघेव, कुंड्यांना पाणी, परिपाठातील सुविचार आणि दिनविशेष ही कामे बहुतेक वर्गांत ठरावीक मुलांकडे असतात, कारण त्यांचा आवाज खणखणीत असतो किंवा अक्षर वळणदार असते. ती आठवड्याने फिरवा. जे मूल अडखळत वाचते त्याला सोमवारचा दिनविशेष शनिवारीच लिहून द्या, म्हणजे ते रविवारी घरी चार वेळा वाचून येईल आणि प्रांगणात सर्वांसमोर न अडखळता वाचेल. यासाठी मला आजवर सापडलेला यापेक्षा स्वस्त उपाय नाही. झाडणे, पुसणे ही कामे मात्र उशिरा येणाऱ्याला शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. इथून जवळच, वर्ध्याला, १९३७ साली हाताच्या कामाला शिक्षणाच्या मध्यभागी बसवणारी नयी तालीम मांडली गेली, आणि त्याच भागातल्या आपल्या शाळांनी झाडूला शिक्षेचे साधन करावे, हे काही बरे दिसत नाही.

तक्ता एका रात्रीत उतरवू नका, ज्यांनी तारे जमवले आहेत त्यांचा त्यात काही अपराध नाही. मुलांना कारण सांगा, ज्याचे तारे त्याला वहीत चिकटवायला द्या आणि महिनाअखेरीस, कोणाचाही सत्कार न करता, तो त्यांच्याच हातून खाली उतरवा.

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. त्यांच्या शाळेत दर महिन्याला 'महिन्याचा विद्यार्थी' निवडतात आणि त्याचे छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येते. दीड वर्षात त्याचा क्रमांक एकदाही लागलेला नाही. मागच्या आठवड्यात त्याने विचारले, "आई, मी ढ आहे का?" मी काय उत्तर द्यावे आणि शाळेत जाऊन बोलावे का?
— एक आई, महाल, नागपूर

उत्तर : शाळेत जरूर जा, पण 'माझ्या मुलाचा नंबर का लागत नाही' हा प्रश्न घेऊन जाऊ नका. त्याने फार तर पुढच्या महिन्यात त्याचे छायाचित्र येईल आणि का आले हे त्यालाही कळणार नाही. वर्गशिक्षिकेला एवढेच विचारा, "मॅडम, या महिन्यात तो वर्गात काय करताना तुम्हाला दिसला?" त्यांना चटकन एखादी गोष्ट सांगता आली, तर ती घरी येऊन जशीच्या तशी त्याला सांगा, तेच त्याचे बक्षीस. सांगता आली नाही, तर त्या पुढच्या महिन्यात नक्की पाहतील. बहुतेक शिक्षिका मनाच्या चांगल्या असतात, फक्त दिवसभरात त्यांच्या हातात वेळ उरत नाही.

पालकांच्या गटावर एका मुलाचे छायाचित्र टाकणे म्हणजे बाकीच्या सर्वांची अनुपस्थिती जाहीर करणे असते. पालकसभेत हा विषय काढा, तुमच्यासारख्या निदान दहा आया गप्प बसलेल्या असतील.

मुलाला उत्तर देताना 'नाही रे, तू तर किती हुशार आहेस' असे मात्र म्हणू नका. हे वाक्य मायेचे असले तरी घात करते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे सोपी कामे निवडू लागली आणि एकदा अपयश आल्यावर लवकर माघार घेऊ लागली, तर मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली मुले अवघड कामाशी अधिक वेळ झुंजली. ढ आणि हुशार ही दोन्ही लेबलेच आहेत. त्यापेक्षा त्याची जुनी वही काढा, जुलैतले पान आणि आजचे पान शेजारी शेजारी ठेवा आणि जोडाक्षरे कुठे सुधारली ती त्यालाच बोट ठेवून दाखवायला सांगा.

प्रश्न : आमच्या शाळा व्यवस्थापन समितीला वार्षिक बक्षिसांसाठी थोडी रक्कम मिळाली आहे. पाण्याच्या बाटल्या द्याव्यात की ट्रॉफ्या?
— एक सदस्य, कामठी रोड

उत्तर : दोन्ही नको. वर्गाच्या वाचनपेटीसाठी गोष्टींची पुस्तके घ्या आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकेका मुलाचे नाव, 'याने किंवा हिने वर्गासाठी निवडले' असे लिहून त्या मुलाकडूनच ते पेटीत ठेवून घ्या. निवड अर्थातच मुलाने करावी, समितीने नव्हे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन त्यासाठी सोयीचा आहे.

प्रश्न : ताई, हल्ली सर्वांना प्रशस्तिपत्रे वाटण्याची पद्धत निघाली आहे. आमच्या वेळी पहिला नंबर येणाऱ्याचेच कौतुक होई आणि त्यामुळे इतरांना जिद्द चढे. सर्वांना बक्षीस म्हणजे कोणालाच नाही, असे मला वाटते. आपले मत काय?
— एक आजोबा, धरमपेठ, नागपूर

उत्तर : काका, शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. मजकूर एकच आणि नाव तेवढे वेगळे, अशी ४२ प्रशस्तिपत्रे म्हणजे ४२ रिकामे कागद आहेत. धावण्याच्या शर्यतीत पहिला आलेल्याला पहिलाच म्हटले पाहिजे, तिथे मुलांनाही खोटेपणा सहन होत नाही. परंतु रोजचा वर्ग ही शर्यत नाही, तिथे प्रत्येक मूल वेगळ्या जागेहून निघालेले असते. आणि जिद्द चढलेले तुम्हाला आठवतात, कारण तेच पुढे भेटत राहिले. मागच्या बाकावर बसून ज्यांनी चौथीनंतर शाळा सोडली, त्यांना कोणी विचारायला गेले नाही.

आपल्या नागपुरातच याचे एक जुने उदाहरण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इकडे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि तिकडे संध्याकाळी तान्हा पोळा भरतो, तेव्हा मुले आपापले लाकडी नंदी सजवून आणतात. सर्वांत देखण्या नंदीला आणि नटून आलेल्या मुलांना बक्षीस असते, ते दोन-चार जणांनाच मिळते आणि त्यावर कोणाची तक्रार नसते. कारण त्यानंतर प्रत्येक मूल आपला नंदी घेऊन घरोघर जाते आणि प्रत्येक घरी त्याला बोजारा, म्हणजे कौतुकाचे नाणे, मिळतो. चाके नसलेल्या, दोरीने ओढताना कलंडणाऱ्या नंदीलाही मिळतो. तुमच्या लहानपणी महालात तुम्हीही फिरला असाल.

आमच्या गल्लीत एक आजी होत्या, त्या बोजारा देण्याआधी चष्मा लावून खाली बसायच्या. नंदीला कुंकू लावायचे, त्याची झूल उचलून पाहायची आणि मग विचारायचे, "शिंगं तूच रंगवली का रे? हे डावं जरा जास्त लाल झालं." नाणे तर सगळ्याच घरांत मिळत असे, तरी त्यांच्या दाराशी मुलांची रांग सर्वांत लांब असायची.